प्रॅक्टिकल नर्सिंगची तीन सत्रे : नॉर्थ कॅरोलिनातील एका कम्युनिटी कॉलेजच्या प्रशिक्षणाचे परीक्षण

ज्या कम्युनिटी कॉलेजातून मी गेल्या वर्षी प्रॅक्टिकल नर्सिंगचा डिप्लोमा पूर्ण केला, त्याविषयी ओळखीच्या मराठी भगिनी मला इतक्या वेळा विचारतात की, प्रत्येकीला फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावे असे वाटले. माझे मत आधीच सांगते. रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून काम करण्याची ज्यांची मनापासून तयारी आहे, त्यांच्या हाताला शिस्त लावणारे याहून स्वस्त आणि प्रामाणिक शिक्षण मला या राज्यात दिसले नाही. मात्र वेळापत्रकाच्या बाबतीत माझ्या कॉलेजच्या कार्यालयाने आम्हा विद्यार्थिनींना ज्या रीतीने वागवले, ते मला आजही मान्य नाही. कॉलेजचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तक्रार एका कार्यालयाची आहे आणि अभ्यासक्रम साऱ्या राज्याचा आहे. नॉर्थ कॅरोलिनात अशी ५८ सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजे असून, ज्यांच्याकडे हा डिप्लोमा आहे त्यांच्यात त्याचा मूळ आराखडा एकच असतो.

प्रथम या पदाविषयी थोडे, कारण इथेच बहुतेकींचा घोटाळा होतो. लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स म्हणजे एल.पी.एन. (टेक्सास आणि कॅलिफोर्नियात हिलाच व्होकेशनल नर्स म्हणतात) ही नर्सिंग असिस्टंट आणि रजिस्टर्ड नर्स (आर.एन.) या दोघींच्या मधली पायरी आहे. ती औषधे देते, इन्सुलिन टोचते, जखमांचे ड्रेसिंग करते, कॅथेटर (लघवीची नळी) घालते, रुग्णाच्या प्रकृतीतला फरक टिपून वर कळवते. परंतु रुग्ण दाखल झाल्यावरची पहिली संपूर्ण तपासणी आणि त्यावरून ठरणारी शुश्रूषेची योजना ही आर.एन.ची जबाबदारी असते, आणि एल.पी.एन. तिच्या किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करते. आपल्याकडच्या ए.एन.एम.शी तिची तुलना केली जाते, ती फसवी आहे. आपली ए.एन.एम. गावात लसीकरण, गरोदर मातांची तपासणी आणि बाळंतपण यांच्या कामात असते, इथली एल.पी.एन. प्रामुख्याने वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये असते, आणि एका पाळीत वीस-पंचवीस वृद्धांची औषधे तिच्या एकटीच्या हातून जातात. परवान्याच्या मर्यादांबद्दल हे राज्य फार काटेकोर आहे. नर्सेसच्या नोंदणीचा अमेरिकेतला पहिला कायदा १९०३ साली याच राज्याने केला, हे आमच्या पहिल्याच तासाला बाईंनी ज्या अभिमानाने सांगितले तो अभिमान पुढे वर्षभर प्रत्येक विषयात जाणवत राहिला.

प्रवेश सोपा नाही. जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ असतात. माझ्या कॉलेजात आधी नर्सिंग असिस्टंटचा अभ्यासक्रम पूर्ण करून राज्याच्या यादीत नाव असणे आवश्यक होते. त्यानंतर टीईएएस नावाची प्रवेशपरीक्षा द्यावी लागली, जिच्यात वाचन, गणित, विज्ञान आणि इंग्रजी असे चार भाग असतात. शरीररचनेचा विषय आधी करून ठेवला असेल तर त्याचे गुण वेगळे मिळतात, आणि ते मिळवावेतच असे मी आग्रहाने सांगेन, कारण मुख्य सत्र सुरू झाल्यावर हाडांची आणि स्नायूंची नावे पाठ करायला रात्र पुरत नाही.

कागदपत्रांत पार्श्वभूमीची तपासणी, अमली पदार्थांची चाचणी, गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या आणि कावीळ ब यांच्या लशींचे दाखले हे सगळे आले. भारतात वाढलेल्या प्रत्येकीने एक गोष्ट मात्र आधीच करून घ्यावी. क्षयरोगासाठी इथे सहसा हाताच्या कातडीत टोचून दोन-तीन दिवसांनी गाठ मोजतात. लहानपणी दंडावर बी.सी.जी. घेतलेल्यांना क्षय नसतानाही ही चाचणी सकारात्मक येऊ शकते. माझ्या हातावर दुसऱ्या दिवशी चांगली सुपारीएवढी लाल गाठ उठली, मग छातीचा एक्स-रे, मग खुलासे, आणि त्यात अकरा दिवस गेले. याच कामासाठी रक्ताची जी चाचणी असते तिच्यावर बी.सी.जी.चा परिणाम होत नाही, म्हणून पहिल्यापासून तीच मागून घ्यावी.

खर्चाचा हिशेब स्पष्ट आहे. मी शिकत असताना राज्याच्या रहिवाशांना एका क्रेडिटला ७६ डॉलर फी पडत होती आणि १६ क्रेडिटांच्या पुढे ती वाढत नव्हती, म्हणजे एका सत्राला जास्तीत जास्त १,२१६ डॉलर. रहिवासी नसलेल्यांना तेच क्रेडिट २६८ डॉलरला पडत होते, त्यामुळे एका राज्यातून दुसऱ्यात नुकत्याच आलेल्या कुटुंबांनी बारा महिन्यांची वास्तव्याची अट पूर्ण होईपर्यंत थांबलेले बरे. ग्रीन कार्ड असल्यास केंद्र सरकारच्या मदतीसाठी अर्ज करता येतो आणि उत्पन्न कमी असेल तर पेल ग्रँट मिळते, जी परत करावी लागत नाही. एच-४ व्हिसावरच्या, म्हणजे पतीच्या नोकरीच्या व्हिसामुळे सोबत आलेल्या, भगिनींना शिकता येते, पण ही मदत मिळत नाही, आणि कामाच्या परवान्याशिवाय नोकरीही करता येत नाही. तेव्हा शिकून झाल्यावर घरी बसण्याची वेळ येणार नाही ना, याचा विचार फी भरण्यापूर्वी करावा. फीखेरीज पुस्तके, संगणकावरच्या सरावाचे पॅकेज, गणवेश, स्टेथोस्कोप यांचा खर्च मला पहिल्या सत्रात जवळजवळ फीइतकाच आला. तो कोणत्याही माहितीपत्रकात एका जागी लिहिलेला नव्हता, आणि तो तसा लिहिला जावा, अशी माझी अपेक्षा आहे.

आता या प्रशिक्षणातल्या उत्तम भागाकडे येते. तो म्हणजे स्किल्स लॅब. आठ खाटा, त्यांवर रबरी कातडीचे पुतळे, भिंतीला ऑक्सिजनची तोंडे, औषधांची खरी गाडी आणि दारापाशी हात धुण्याचे बेसिन, अशी ती खोली होती. प्रत्येक कौशल्य आधी बाई करून दाखवत, मग आम्ही जोडीने सराव करत असू, आणि शेवटी एकटीने ते बाईंसमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवायचे, ज्याला सगळ्याजणी चेक-ऑफ म्हणत. चुकले तर पुन्हा. तिसऱ्यांदा चुकले तर सत्र गेले.

कॅथेटर घालण्याच्या चेक-ऑफला मी पहिल्या वेळी नापास झाले, तो प्रसंग मी कधीच विसरणार नाही. निर्जंतुक संच उघडला, कागदाची घडी नियमाप्रमाणे आधी माझ्यापासून दूर उलगडली, हातमोजे बाहेरच्या बाजूला बोट न लागता चढवले, सगळे व्यवस्थित चालले होते. मग पुतळ्याकडे वाकताना माझ्या छातीवरचे ओळखपत्र लोंबून त्या पांढऱ्या कागदाच्या कोपऱ्याला लागले. मला ते कळलेही नाही. बाईंनी मला थांबवले आणि शांतपणे एवढेच विचारले की, आत्ता त्या कागदाला कशाचा स्पर्श झाला. मी खाली पाहिले आणि काही न बोलता सगळा संच कचऱ्यात टाकून नव्याने सुरुवात केली. निर्जंतुक कागदाची कडेची एक इंच पट्टी निर्जंतुक समजायची नाही, कमरेखाली गेलेला हात निर्जंतुक राहत नाही, मांडलेल्या साहित्याकडे पाठ करायची नाही, हे नियम मला पाठ होते. ते अंगात मुरले त्या दिवशी. घरी येताना मला आजीचे सोवळे आठवले. दांडीवरचे वस्त्र ती काठीने काढत असे आणि आम्ही मुले नुसती जवळून पळालो तरी ती ओरडत असे. तिच्या सोवळ्यामागची श्रद्धा वेगळी होती आणि इथला विचार जंतूंचा आहे, पण ‘एकदा शिवले की गेले’ ही जाण मात्र तीच. वर्गातल्या इतरांना जे अवघड गेले ते पुढच्या वेळी मला जमले, याचे थोडे श्रेय मी आजीला देते.

वेशाचे नियमही याच शिस्तीतले होते. नखे पाव इंचापेक्षा कमी, नेलपॉलिश नाही, बांगड्या नाहीत, गळ्यात लोंबणारे काही नाही, बोटात फार तर साधे वळे. मंगळसूत्र घरी काढून ठेवायचे या कल्पनेने पहिल्या आठवड्यात माझे मन खट्टू झाले होते. बाईंनी मला बाजूला घेऊन, गोंधळलेला रुग्ण गळ्यातली साखळी मुठीत धरून ओढतो तेव्हा काय होते, ते समजावून सांगितले. तिथे मला मान तुकवावी लागली, आणि त्यांनी हे चारचौघांत न सांगता एकटीला सांगितले याची मी मनात नोंद ठेवली.

औषधांच्या गणिताबद्दल आपल्याकडच्या मुलींना वाटते की हे तर सातवीचे गणित आहे. गणित सातवीचेच आहे, पण उत्तीर्ण होण्यासाठी ९० टक्के गुण लागतात, आणि चूक झाली तर ती प्रत्यक्षात कोणाच्या तरी शरीरात जाणार असते. उदाहरण सांगते. डॉक्टरांनी डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध ०.२५ मिलिग्रॅम लिहिले आहे आणि गाडीतल्या गोळीवर १२५ मायक्रोग्रॅम छापले आहे, तर किती गोळ्या द्याव्यात? दोन. पण उत्तर दोन येऊन पेपर संपत नाही. हे औषध देण्यापूर्वी स्टेथोस्कोप छातीला लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे, ते साठाच्या खाली असतील तर गोळी थांबवायची आणि कळवायचे, हेही त्याच प्रश्नात लिहावे लागते. दशांश चिन्हाआधी शून्य नेहमी लिहायचे आणि पूर्ण आकड्यापुढे दशांश शून्य कधीही लिहायचे नाही, कारण घाईत १.० चे १० वाचले जाते. पौंडांचे किलो करणे, औंसांचे मिलिलिटर करणे, एवढेच काय, रुग्णाने खाल्लेल्या बर्फाचे निम्मे माप पाणी म्हणून नोंदवणे, हे सगळे सहा महिन्यांत इतके अंगवळणी पडते की स्वयंपाकघरातही डोळे मापावर जातात.

प्रत्यक्ष रुग्णसेवेचे दिवस, ज्यांना सगळे क्लिनिकल म्हणतात, पहिल्या सत्रात नर्सिंग होममध्ये आणि पुढे रुग्णालयात झाले. रुग्णाची ओळख पटेल असे काही लिहिणे कायद्याने आणि मनानेही मला वर्ज्य आहे, म्हणून एकच प्रसंग बेताने सांगते. स्मृतिभ्रंश असलेल्या एका वृद्धेला गोळ्या गिळता येत नसत, आणि तिच्या गोळ्या कुटून सफरचंदाच्या गोड लगद्यातून चमच्याने द्यायची पद्धत होती. मी गाडीपाशी उभी राहून एकेक गोळी कुटायच्या पुडीत टाकत होते. मेटोप्रोलॉलची (रक्तदाबाची) गोळी टाकणार इतक्यात आमच्या बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि लेबल मोठ्याने वाचायला लावले. मी वाचले: मेटोप्रोलॉल सक्सिनेट. हेच औषध टार्ट्रेट या रूपात असते तर ते कुटता येते. सक्सिनेटची गोळी मात्र चोवीस तासांत हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते, आणि ती कुटली तर दिवसभराचे औषध एकदम अंगात जाऊन नाडी आणि रक्तदाब दोन्ही खाली येऊ शकतात. गोळी बाजूला काढली, प्रभारी नर्सला सांगितले, तिने डॉक्टरांना कळवून औषधाचे रूप बदलून घेतले. माझ्या हातून अनर्थ होता होता टळला, आणि टळला तो केवळ शिकवणारी व्यक्ती हाताच्या अंतरावर उभी होती म्हणून. एका शिक्षिकेमागे आठच विद्यार्थिनी ठेवण्यामागचे कारण मला त्या सकाळी समजले.

त्याच वृद्धेने एकदा चमचा पाहून तोंड घट्ट मिटले. मी घाईत होते आणि समजावत राहिले. तिथल्या जुन्या नर्सने मला दहा मिनिटांनी परत यायला सांगितले. दहा मिनिटांनी मी खुर्ची ओढून तिच्या डोळ्यांच्या पातळीला बसले आणि इथल्या दक्षिणी रिवाजाप्रमाणे नावाआधी ‘मिस’ लावून हाक मारली. आपण ताई किंवा अक्का म्हणतो तशीच ती हाक आहे. तिने तोंड उघडले. हे कोणत्याही पुस्तकात नव्हते, आणि या अभ्यासक्रमाने मला अशा माणसांच्या शेजारी वर्षभर उभे केले, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे.

आता तक्रार. क्लिनिकल कुठे आणि किती वाजता आहे, हे दुसऱ्या सत्रात आम्हाला सुरू होण्याच्या अवघे चार दिवस आधी कळवण्यात आले. ठिकाण माझ्या घरापासून पन्नास मैलांवर, हजेरी सकाळी साडेसहाला. म्हणजे चार वाजता उठणे, मुलाला शाळेच्या बसपर्यंत कोण पोचवणार याची सोय, आणि ज्या नर्सिंग होममध्ये मी असिस्टंट म्हणून काम करत होते तिथल्या पाळ्या बदलून घेणे, हे सगळे चार दिवसांत. हजेरीचा नियम मात्र कडक: ठरावीक तासांहून अधिक गैरहजेरी झाली की नाव कमी. आमच्यातली एक, दोन लहान मुलांची आई, जिचे चेक-ऑफ वर्गात सर्वांत नेटके असत, ती याच कारणाने मधूनच गेली. आम्ही सहाजणींनी लेखी विनंती केली, तेव्हा वेळापत्रक रुग्णालयावर अवलंबून असल्याचे दोन ओळींचे उत्तर आले. ते अर्धे खरे असेल, परंतु रुग्णालयाशी केलेले करार काही आदल्या आठवड्यात होत नाहीत, आणि निदान जिल्हा आणि पाळी तरी महिनाभर आधी सांगता आली असती. दिवसा काम करणाऱ्या आणि मुले सांभाळणाऱ्या स्त्रियांसाठीच ज्या संस्था उभ्या आहेत, त्यांनी त्यांच्या वेळेचा असा विचार न करणे मला अन्यायाचे वाटते.

तिसऱ्या सत्राबद्दलही थोडे सांगायला हवे. ते उन्हाळ्यात येते, आणि पहिल्या दोन सत्रांना प्रत्येकी सोळा आठवडे असताना त्याला बरेच कमी मिळतात. व्याख्याने धावत होतात, प्रश्न विचारायला वेळ उरत नाही. त्या दहा आठवड्यांत नोकरी करू नये, हे मी स्वतः करून आणि पस्तावून सांगत आहे.

परवान्याची परीक्षा, म्हणजे एनक्लेक्स-पीएन, तिची फी २०० डॉलर आहे. संगणक तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न निवडतो. कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास. १ एप्रिल २०२३ पासून तिचे रूप बदलले असून एकाच रुग्णाची नोंदपत्रे समोर ठेवून त्यावर ओळीने प्रश्न विचारले जातात. घोकंपट्टीवर वाढलेल्या आपल्या पिढीला यातले एक वळण जड जाते. चारही पर्याय बरोबर असतात आणि विचारतात की आधी कोणाकडे जाल. वेदनेने कण्हणाऱ्याकडे धाव घ्यावीशी वाटते, पण शेजारच्या खाटेवर आवाज न करता बसलेल्याचे ओठ निळसर झालेले असतात, आणि श्वास पहिला. माझ्या कॉलेजने या विचारपद्धतीचा सराव पहिल्या सत्रापासून करून घेतला. माझी परीक्षा ८५ व्या प्रश्नालाच संपली आणि मी उत्तीर्ण झाले. कोणत्याही कॉलेजात अर्ज करण्यापूर्वी त्याच्या विद्यार्थ्यांच्या उत्तीर्णतेचे प्रमाण राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे पाहून घ्यावे, ते सर्वांसाठी खुले असते. खासगी संस्थांच्या जाहिराती पाहून भुलणाऱ्यांनी तर ते नक्कीच पाहावे.

केंद्रीय कामगार खात्याच्या मे २०२३ च्या आकड्यांप्रमाणे एल.पी.एन.चा मध्यम वार्षिक पगार ५९,७३० डॉलर आणि आर.एन.चा ८६,०७० डॉलर होता. हा फरक डोळ्यांआड करू नये. महाराष्ट्रातून जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. नर्सिंग होऊन आलेल्या भगिनींनी तर या डिप्लोमाच्या वाटेला जाण्यापूर्वी आपल्या प्रमाणपत्रांचे मूल्यमापन करून घ्यावे, थेट आर.एन.च्या परीक्षेला बसण्याची पात्रता त्यांच्यापाशी असू शकते, आणि तसे असताना वर्षभर खाली उतरून पुन्हा चढणे हे त्यांच्या शिक्षणावर अन्याय करणारे आहे. माझ्यासारखी, जिने आधी बँकेत कारकुनी केली आणि चाळिशीजवळ येऊन हे काम निवडले, तिच्यासाठी मात्र पायरी योग्य होती. एल.पी.एन.ना आर.एन. होण्यासाठीचा जोड अभ्यासक्रम बऱ्याच कम्युनिटी कॉलेजांत आहे. मी त्याचा अर्ज भरला आहे, तो याच कॉलेजात, आणि अर्जासोबत वेळापत्रकाविषयीचे आमचे जुने पत्र पुन्हा जोडले आहे.